लक्ष देणे आणि लक्ष लागणे

मराठीत ‘लक्ष’ या शब्दाबरोबर दोन क्रियापदे नित्य येतात. एक ‘देणे’ आणि दुसरे ‘लागणे’. ‘तो लक्ष देत नाही’ असे म्हटले की कर्ता ‘तो’ ठरतो. लक्ष ही जणू त्याच्या मालकीची वस्तू. ती द्यायची की राखून ठेवायची हे त्याच्या मर्जीवर. ‘त्याचे लक्ष लागत नाही’ असे म्हटले की ‘लक्ष’ हेच वाक्याचा कर्ता होते आणि ‘तो’ षष्ठीत जाऊन बसतो. झोप लागते, भूक लागते, ठेच लागते, तसे लक्षही लागते किंवा लागत नाही. पहिल्या वाक्यात आरोप आहे, दुसऱ्यात निवेदन. एकाच मुलाविषयी शाळेत बहुधा पहिले वाक्य बोलले जाते आणि घरी, आई समजूतदार असली तर, दुसरे.

ज्या अवस्थेला वैद्यकशास्त्र आज ‘अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर’, संक्षेपाने एडीएचडी, म्हणते आणि मराठीत जिला ‘अवधान-न्यूनता’ म्हटले जाऊ लागले आहे, तिचा गेल्या सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचा इतिहास म्हणजे या पहिल्या वाक्याकडून दुसऱ्या वाक्याकडे झालेला प्रवास होय, असे आम्हांला वाटते. हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही, आणि तो संपलेलाही नाही. आम्ही उभयता मराठीचे अध्यापक; वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु आमच्या घरातील एका माणसाला (तो आमच्यापैकी एकाचा धाकटा भाऊ, दुसरीचा दीर) वयाच्या छत्तिसाव्या वर्षी हे निदान मिळाले, आणि हा इतिहास वाचणे ही आमची घरगुती गरज होऊन बसली. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

अवधान हा सद्गुण

आपल्या परंपरेत अवधान ही नेहमीच कमावण्याची गोष्ट मानली गेली. द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा प्रत्येक शाळेत सांगितली जाते. झाडाच्या शेंड्यावर कृत्रिम पक्षी ठेवलेला आहे. युधिष्ठिराला झाड दिसते, पक्षी दिसतो, गुरू दिसतात, भाऊही दिसतात. त्याला बाजूला व्हायला सांगितले जाते. अर्जुनाला पक्ष्याखेरीज काहीच दिसत नाही, आणि तो उत्तीर्ण होतो. महाभारताच्या आदिपर्वात अर्जुन पक्ष्याचे डोके तेवढे दिसते असे म्हणतो; आपण कथा सांगता सांगता त्या डोक्याचा डोळा केला, म्हणजे लक्ष्य आणखी लहान आणि परीक्षा आणखी कठीण केली. ज्यांना झाड, फांद्या, भाऊ आणि गुरू सारेच एकदम दिसत होते त्यांचे काय, हा प्रश्न कथेत कोणी विचारीत नाही.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनच मनाच्या चंचलतेची तक्रार करतो आणि मनाला आवरणे हे वाऱ्याला आवरण्याइतके अवघड असल्याचे सांगतो. श्रीकृष्ण ही अडचण नाकारीत नाहीत, आधी मान्य करतात आणि मग अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगतात. समर्थ रामदासांनी तर मनालाच समोर बसवून दोनशेहून अधिक श्लोकांत उपदेश केला. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. तेथेही क्रियापद देण्याचेच आहे. अवधान ही देण्याची गोष्ट, म्हणून ते न देणे हा दोष, अशी ही विचारसरणी आहे. साधकासाठी ती योग्यच होती. तिसरीतल्या मुलाला तीच फूटपट्टी लावली गेली तेव्हा मात्र घोटाळा झाला.

आमच्या सोलापुरात या सद्गुणाचे आणखी एक रूप माहीत आहे. शहराच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणारा तेलुगुभाषक पद्मशाली समाज राहतो, आणि तेलुगू साहित्यात ‘अवधानम्’ नावाची एक विलक्षण कला आहे. अष्टावधानात आठ प्रश्नकर्ते कवीला घेरून बसतात. कोणी समस्या पूर्ण करायला सांगतो, कोणी ठरावीक शब्द घालून पद्य मागतो, कोणी अमुक अक्षर वापरू नका म्हणून अडवतो, कोणी मधूनच घंटा वाजवतो आणि तिचे ठोके कवीने मोजत राहायचे असतात. या आठांत एकाचे काम तर केवळ भलत्याच गप्पा काढून कवीचे लक्ष उडवणे हे असते. त्याला ‘अप्रस्तुतप्रसंगी’ असे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी तिरुपती वेंकट कवुलु या कविद्वयाने ही कला कीर्तीस नेली. मराठीतही ‘अष्टावधानी’ हे विशेषण आपण कौतुकाने वापरतो. आमच्या दिराविषयी, भावाविषयी वाचताना आम्हांला ही सभा वारंवार आठवली. अवधानी कवीच्या सभेत अप्रस्तुतप्रसंगी एक असतो आणि तो उठून घरी जातो. काही माणसांच्या डोक्यात तो जन्मभर मुक्कामाला असतो.

फ्रँकफुर्टचा फिलिप आणि गडकऱ्यांचा गोकुळ

अवधानाच्या उणिवेकडे वैद्याच्या नजरेने पाहण्याचे पहिले प्रयत्न अठराव्या शतकातले आहेत. मेल्खिओर आडाम वायकार्ड या जर्मन वैद्याने १७७५ मध्ये अवधानाच्या अभावावर लिहिले आणि थंड स्नान, घोड्यावरची रपेट, गोंगाटापासून दूर एकांत असे उपाय सुचवले. १७९८ मध्ये अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात अवधानावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. दार लोटल्याचा आवाज, कोणी खोलीत येरझाऱ्या घालणे, टेबल सरकणे एवढ्यानेही ज्यांचे चित्त विचलित होते अशा माणसांचे त्याने वर्णन केले आहे. काही मुलांना लॅटिन आणि ग्रीक व्याकरणाचा रुक्षपणा इतका असह्य होतो की शिक्षेनेही उपयोग होत नाही आणि लाडानेही नाही, हे त्याने नोंदवले, आणि शिक्षकांनी याकडे पाहावे असे सुचवले. ही अवस्था जन्मजात असू शकते, हेही त्याने म्हटले होते. मोबाइलने मुले बिघडली असे म्हणणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

क्राइटनचे प्रकरण विस्मृतीत गेले. त्यानंतर ही मुले वैद्यकात दिसण्याआधी साहित्यात दिसली. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमान यांनी १८४४ च्या नाताळात आपल्या लहान मुलासाठी चित्रांची वही तयार केली. मनासारखे पुस्तक बाजारात मिळाले नाही म्हणून ही खटपट. ती १८४५ मध्ये छापली गेली आणि पुढच्या दोनेक वर्षांतील आवृत्त्यांत तिच्यात दोन मुले दाखल झाली. एक चुळबुळ्या फिलिप: जेवणाच्या टेबलावर खुर्ची डोलवत डोलवत तो अखेर कोसळतो आणि टेबलावरील कापडासह सारे ताट-वाट्या खाली ओढून आणतो. दुसरा हान्स: तो चालताना सतत वर आकाशाकडे पाहतो आणि एके दिवशी पाण्यात पडतो. आज ज्यांना अतिचंचल प्रकार आणि अवधानहीन प्रकार म्हणतात त्यांची ही दोन चित्रेच आहेत, असे पुढे अनेकांनी म्हटले. मात्र हॉफमान स्वतः पुढे मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले तरी या मुलांना त्यांनी रुग्ण मानले नव्हते. पुस्तकाचा हेतू गमतीतून धडा देण्याचा होता.

मराठी रंगभूमीलाही असा एक माणूस भेटला. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘प्रेमसंन्यास’ नाटकातील गोकुळ इतका विसराळू आहे की लक्षात राहावे म्हणून तो उपरण्याला गाठी मारतो, आणि मग कोणती गाठ कशासाठी मारली हेच विसरतो. ‘विसरभोळा गोकुळ’ हा पुढे मराठीत जवळजवळ वाक्प्रचार झाला. प्रेक्षक त्याला मनसोक्त हसले, आणि त्यात गैर काहीच नाही. गडकऱ्यांचे निरीक्षण अचूक होते म्हणूनच हशा पिकला. गोकुळावर नैतिक ठपका नाही, तो लबाड नाही, आळशीही नाही. तो प्रयत्न करतो. गाठ हा त्याच्या प्रयत्नाचा पुरावा आहे. आपले लक्ष आपल्याच्याने सांभाळले जात नाही हे ओळखून त्याने ते स्वतःच्या बाहेर, कापडावर, ठेवून पाहिले. फक्त गाठ मुकी असते. आज या विकारासाठी जे व्यवहारी उपाय सांगितले जातात (भिंतीवरची यादी, गजर, डोळ्यांसमोर टांगलेली किल्ली) ते सारे बोलक्या गाठींचेच प्रकार आहेत.

नैतिक दोष, मेंदूची इजा, आणि मग अवधान

गोकुळ रंगभूमीवर येण्यापूर्वी दशकभर आधी, १९०२ मध्ये, लंडनमध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्याने दिली. बुद्धीत काही उणे नसताना जी मुले स्वतःला आवरू शकत नाहीत, अशा मुलांविषयी ती होती. या अवस्थेला स्टिल यांनी ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ असे नाव दिले. नावात ‘नैतिक’ हा शब्द राहिला. पण हा दोष संस्कारांच्या अभावी नव्हे तर शरीरातील कारणाने असू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ‘देणे’ आणि ‘लागणे’ ही दोन्ही क्रियापदे त्यांच्या व्याख्यानांत एकमेकांना खेटून उभी आहेत. स्टिल यांनी पाहिलेली सारीच मुले आजच्या अर्थाने अवधान-न्यूनतेची होती असे नाही. तरी बहुतेक इतिहासकार आरंभ येथूनच करतात.

१९१७ च्या सुमारास युरोपात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. तीतून वाचलेल्या काही मुलांचे वागणे पार बदलले. ती अस्वस्थ, उतावळी, अनावर झाली. मेंदूला इजा झाली की असे होते हे दिसल्यावर उलटा तर्क निघाला: जेथे असे वागणे तेथे इजा असलीच पाहिजे, दिसत नसली तरी. यातूनच ‘अल्प मेंदू-इजा’ आणि ती कुठे सापडेना म्हणून १९६० च्या दशकात ‘अल्प मेंदू-बिघाड’ अशी नावे आली. आरोप टळला, पण त्याच्या जागी एक न दिसणारी जखम आली. मुलगा वाईट नाही, मोडका आहे, असे आईबापांना सांगण्यात येऊ लागले.

औषधाचा शोध अपघाताने लागला. १९३७ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या संस्थेत काम करीत होते. कण्यातील पाण्याच्या तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे. त्यावर त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिले. डोकेदुखीवर फारसा गुण आला नाही, पण अनेक मुलांचे शाळेतले काम एकाएकी सुधारले. मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हटले. उत्तेजकाने चंचल मूल शांत व्हावे हे कोडे बराच काळ कोडेच राहिले. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी मिथिलफेनिडेट तयार केले आणि पत्नी मार्गरिट, लाडाने रिटा, हिच्या नावावरून त्याला ‘रिटालिन’ म्हटले. ते आजही या विकारावरील प्रमुख औषधांपैकी एक आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत त्याचा समावेश असल्याने ते तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच मिळते आणि गल्लीतल्या प्रत्येक दुकानात ठेवलेले नसते.

नावातील निर्णायक बदल १९८० चा. तोवर अमेरिकन मनोविकार संघटनेच्या पुस्तिकेत, म्हणजे १९६८ च्या आवृत्तीत, भर चंचलतेवर होता. मूल स्थिर बसत नाही हे सर्वांना दिसते. त्याचे मन स्थिर बसत नाही हे दिसत नाही. मॅकगिल विद्यापीठातील व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की या मुलांची खरी अडचण अवधान टिकवण्यात आणि आवेग रोखण्यात आहे. १९८० च्या आवृत्तीत ‘अवधान’ हा शब्द नावात आला, १९८७ मध्ये आजचे नाव रूढ झाले, आणि २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठीचे निकष अधिक स्पष्ट झाले. लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली असावीत, ती एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत, आणि त्यांनी जगण्यात खरी अडचण यावी, अशा अटी आहेत. या बदलामुळे हान्ससारखी मुले, आणि त्याहून अधिक मुली, प्रथमच दृष्टीस पडू लागल्या. ज्या मुली कोणाला त्रास न देता खिडकीबाहेर पाहत बसत त्यांना मराठीत ‘वेंधळी’, ‘धांदरट’, ‘तंद्रीत असणारी’ एवढी विशेषणे मिळत आणि विषय संपे.

महाराष्ट्रातील बाकावर

ही अवस्था बाकावर बसल्याशिवाय नीट दिसत नाही. गाई राखणाऱ्या मुलाचे लक्ष इकडेतिकडे फिरणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे. शाळा सार्वत्रिक होऊ लागली तेव्हा सर्वांना एकाच वेळी, एकाच जागी, एकाच फळ्याकडे पाहायला लावले गेले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये राज्यभर, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. हा आपल्या समाजाच्या इतिहासातील मोठा मुक्तीचा क्षण होता. त्याच बाकांवर काही मुले अशीही आली ज्यांना पंतोजीची छडी आणि सक्तीचा वर्ग यांत फरक जाणवला नसेल.

याची जाण असलेली माणसे महाराष्ट्रात होती. ताराबाई मोडकांनी १९२६ पासून नूतन बालशिक्षण संघाच्या कामातून मुलाला हालचालीचे स्वातंत्र्य देणारे, हाताने करून शिकण्याचे शिक्षण रुजवले. पुढे बोर्डी आणि १९५७ पासून कोसबाड येथे त्यांनी अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. विकाराचे निदान हा त्यांचा विषय नव्हता. पण मूल शाळेत बसत नसेल तर शाळेने हलून पाहावे, ही त्यांची दृष्टी आमच्या या विषयाला फार जवळची आहे. ब्रॅडली अमेरिकेत गोळ्या देत होते त्याच साली, १९३७ मध्ये, मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेत भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले.

पुढचे टप्पे अलीकडचे आहेत. १९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाने अध्ययन-अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. देशात असे करणारे हे पहिले राज्य. २००७ च्या अखेरीस आलेल्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने, त्याचा विषय वाचन-अक्षमता असला तरी, हजारो घरांत ‘आळशी’ या शब्दाविषयी शंका उत्पन्न केली. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या अवस्थांच्या यादीत अवधान-न्यूनतेचे नाव आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे. अवधान-न्यूनता मात्र स्वतंत्र प्रकार म्हणून नाही. कायद्याच्या भाषेत तिचे लक्ष अजून पुरते लागलेले नाही असे म्हणावे लागेल.

प्रगतिपुस्तकातील शेरा

आता घरातल्याविषयी थोडे. निदान प्रथम त्याच्या मुलाचे झाले. मुलाला पाहणाऱ्या डॉक्टरांनी वडिलांना सहज दोन प्रश्न विचारले, मग आणखी चार, आणि शेवटी त्यांची शाळेची जुनी प्रगतिपुस्तके मिळतील का अशी विचारणा केली. आईने ती ट्रंकेत जपून ठेवली होती. दुसरीपासून नववीपर्यंत, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, एकच शेरा होता: ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ बारा वर्षांच्या आत लक्षणे दिसली होती का, या प्रश्नाचे उत्तर त्या शेऱ्यांत होते. तीस वर्षे जे आरोपपत्र होते ते एका दुपारी पुरावा झाले. शिक्षकांचे निरीक्षण अचूक होते, चुकले होते ते क्रियापद.

आईने सारे ऐकून घेतले आणि एकच विचारले: “म्हंजे माझ्या लाडानं झालं नाही हे, व्हय?” धाकट्याला लाडाने बिघडवले हे वाक्य ती नातेवाइकांकडून तीन दशके ऐकत आली होती. डॉक्टरांनी तिला सांगितले ते शास्त्राला धरूनच होते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात दिसतो. कोणते एक जनुक नव्हे, तर अनेक जनुकांचे लहान लहान परिणाम एकत्र येतात. २००७ मध्ये फिलिप शॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अशा मुलांत मेंदूच्या बाह्यस्तराची वाढ त्याच क्रमाने पण सरासरी सुमारे तीन वर्षे उशिरा पूर्ण होते. लाड किंवा मार यांनी हे घडत नाही. घरातील वातावरणाने त्याचा त्रास कमी-अधिक होतो, एवढे खरे.

आनुवंशिकतेचा विषय निघताच आमच्या घरात दिवंगत वडिलांची आठवण निघाली. ते सोलापूरच्या गिरणीत विणकाम खात्यात होते. एका जागी बसून जेवणही पुरे न करणारा हा माणूस चार मागांमध्ये मात्र पाळीभर फिरत असे, आणि त्या गदारोळात कुठे धागा तुटला हे त्यांना आवाजावरून कळे असे त्यांचे सोबती सांगत. मृत माणसाचे निदान करण्याचा अधिकार आम्हांला नाही. इतकेच म्हणतो की फिरत्या लक्षाला फिरते काम मिळाले तर ते दोष म्हणून दिसत नाही. गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडले, मुलगा वाणिज्य शाखेत गेला, तीन ठिकाणी हिशेबाची वही सांभाळताना नोकरी गमावून बसला, आणि अखेर यंत्रमागाच्या कारखान्यांत जॉबर म्हणून स्थिरावला. बिघडलेला माग समोर असला की त्याला जेवणाची शुद्ध नसते.

येथे नेहमीचा आक्षेप येतो. माग दुरुस्त करताना तीन तास लक्ष लागते, मग लाइटबिल भरताना का लागत नाही? उत्तर पुन्हा क्रियापदात आहे. या विकाराचे नाव थोडे फसवे आहे. लक्ष कमी असते असे नाही, ते लावण्याची आणि सोडवण्याची सत्ता कमी असते. मराठीत छंद लागतो, नाद लागतो, तसे लक्ष एखाद्या गोष्टीला लागले की सुटत नाही, आणि न लागले तर इच्छा असूनही लागत नाही.

या अवस्थेची सर्वांत जड किंमत बहुधा जोडीदार मोजतो. ‘लक्ष’ या मराठी शब्दात काळजीही आहे. ‘घराकडे लक्ष आहे’ म्हणजे घराची चाड आहे. म्हणून आमच्या जावेने “यांचं माझ्याकडं लक्षच नाही” असे म्हटले तेव्हा ती अवधानाविषयी बोलत नव्हती, प्रेमाविषयी बोलत होती. विसरलेली तारीख, अर्ध्यावर तुटलेले बोलणे, तिसऱ्यांदा हरवलेली किल्ली यांचे भाषांतर तिने अनेक वर्षे ‘माझी किंमत नाही’ असे केले. निदानाने ते भाषांतर बदलले. किल्ली अजून हरवते. औषधाचा त्याला उपयोग होतो, पण दाराजवळचा खिळा आणि स्वयंपाकघरातली पाटी यांचाही तितकाच होतो. ती पाटी तो रोज स्वतः लिहितो, असा त्या दोघांचा करार आहे.

आरोप आणि जबाबदारी

हा करार आम्हांला महत्त्वाचा वाटतो, कारण निदान म्हणजे पळवाट असा संशय समाजात आहे. तो संशय अगदीच निराधार नाही. कॅनडा, आइसलंड, तैवान अशा देशांतील अभ्यासांत आढळले की वर्गातील वयाने सर्वांत लहान मुलांना हे निदान तुलनेने अधिक वेळा मिळते. म्हणजे केवळ कोवळेपणाही कधी विकार म्हणून नोंदला जातो. जगभरातील अभ्यास एकत्र पाहता मुलांतील प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास मानले जाते. याचा अर्थ पन्नासांच्या वर्गात अशी दोन-तीन मुले असतील. वीस असणार नाहीत. प्रत्येक चुळबुळ्या मुलाच्या गळ्यात हे नाव अडकवणे हा अन्यायच होय. पण ज्याला ते खरोखर लागू आहे त्याला ‘मनावर घे’ एवढेच सांगत राहणे हाही अन्याय आहे, आणि आपल्याकडे आजवर तोच अधिक झाला आहे.

आरोप काढून घेतला म्हणजे जबाबदारी संपत नाही. नजर अधू असलेल्या माणसाला आपण ‘नीट बघत नाहीस’ म्हणून रागावत नाही, चष्मा देतो. मात्र चष्मा लावण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागते. अवधानाच्या बाबतीतही याहून वेगळे काही मागायचे नाही.

ज्ञानदेव नवव्या अध्यायात अवधान मागतात हे वर आलेच आहे. मागितल्यावर लगेच ते नम्र होतात. आपण हे थोरवीने बोलत नाही, लेकराने लडिवाळपणे मागावे तसे मागत आहोत, असे श्रोत्यांना सांगतात. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या वक्त्याला ठाऊक होते की श्रोत्याचे लक्ष हुकमाने मिळत नाही आणि ते मिळवण्याचा निम्मा भार बोलणाऱ्यावर असतो. शाळांतून, महाविद्यालयांतून शेरे लिहिणाऱ्या आम्हां सर्वांना यातून एक साधी सुधारणा करता येईल. ‘लक्ष देत नाही’ हे वाक्य लिहिले की त्यापुढे लिहिण्यासारखे काही उरत नाही. मुलगा दोषी ठरतो आणि चौकशी संपते. ‘लक्ष लागत नाही’ असे लिहिले तर पुढचा प्रश्न आपोआप येतो: कशाने लागेल?